अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल लीगमधल्या संघाने फ्री एजन्सीत, म्हणजे करार संपलेल्या खेळाडूंच्या बाजारात, भरमसाट पैसा ओतावा का?

ओतावा, पण एकाच जागेसाठी, आणि तेही बाकीचा संघ उभा असेल तरच. कॅपमध्ये, म्हणजे संघाच्या पगारखर्चावरच्या मर्यादेत, जागा शिल्लक आहे म्हणून खर्च करायचा, हे मला अजिबात पटत नाही.

२००९ मध्ये वॉशिंग्टनच्या संघाने अल्बर्ट हेन्सवर्थ या बचावपटूला ७ वर्षांचा, सुमारे १० कोटी डॉलरचा करार दिला. तो तिथे जेमतेम दोन हंगाम टिकला. करार संपलेला खेळाडू बाजारात येतो तेव्हा बोली लावणारे अनेक असतात, त्यामुळे भाव चढतोच. शिवाय पैसे मोजले जातात मागच्या कामगिरीचे, खेळून घ्यायचं असतं पुढे.

याउलट फिलाडेल्फिया. २०२४ मध्ये त्यांनी सेक्वॉन बार्कली या रनिंग बॅकला (चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूला) ३ वर्षांसाठी ३.७७५ कोटी डॉलरला घेतलं. त्या हंगामात तो २,००५ यार्ड धावला आणि संघाने सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला. पण त्याला वाट करून देणारे ऑफेन्सिव्ह लाइनमधले लेन जॉन्सन, मायलाटा, डिकरसन हे ड्राफ्टमधून, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतून, आलेले, तिथेच घडलेले. (तो सामना मी नाशिकच्या थंडीत पहाटे पाचला उठून पाहिला.)

आमच्या मामांच्या पिंपळगावच्या द्राक्षबागेत आधी डॉगरिज जातीचा खुंट, म्हणजे कलमाचा मुळाकडचा भाग, मातीत रुजू देतात. मगच काडीला पाचरीसारखी छाटून त्यात बसवतात, वर पट्टी घट्ट गुंडाळतात. काडी कितीही महागडी आणा, खुंट कच्चा असेल तर ती वाळते.

तुमच्या संघाची ऑफेन्सिव्ह लाइन कच्ची असेल तर यंदा तरी महागडा रनिंग बॅक घेऊ नका.