दम लागल्यावर ताठ बसावं की पुढे वाकून?

तुमच्या वडिलांना सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका अरुंद होऊन सतत दम लागणारा फुफ्फुसांचा जुनाट आजार. दम लागला की ते कोपरं गुडघ्यांवर टेकवून पुढे वाकतात आणि घरचे 'ताठ बसा, छाती मोकळी होईल' म्हणून मागे लागतात. यात बरोबर कोण, असं तुम्ही विचारलंय. वडील बरोबर आहेत. मी फिजिओथेरपिस्ट आहे. अशा रुग्णांना आम्ही हेच बसणं मुद्दाम शिकवतो.

श्वास आत घेण्याचं मुख्य काम श्वासपटलाचं, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या स्नायूचं. एरवी तो घुमटासारखा वर उचललेला असतो. आकुंचन पावला की खाली उतरतो आणि फुफ्फुसांत हवा ओढली जाते. सीओपीडीत आतली हवा पुरती बाहेर पडत नाही, फुफ्फुसं फुगलेलीच राहतात आणि तो घुमट दबून सपाट होतो. मग त्याला खाली उतरायला जागाच उरत नाही. पुढे वाकलं की पोटातले अवयव त्याला खालून वर रेटतात, घुमट थोडाफार परत येतो. हात टेकलेले असल्यानं खांदे स्थिर राहतात आणि मानेचे, छातीचे स्नायूही फासळ्या उचलायला हातभार लावतात.

वाकायचं मात्र खुब्यातून, पाठ लांब ठेवून. सोफ्यात रुतून, पोटाची घडी घालून बसणं वेगळं. त्यात पोट दाबलं जातं आणि श्वासपटलाची वाट अडते. म्हणून खुर्ची टणक हवी, तळवे जमिनीला पूर्ण टेकायला हवेत. जेवणाच्या टेबलावर दोन उशा ठेवून त्यांवर हात आणि डोकं टेकवलं तर आणखी बरं. चालताना दम लागला तर ओट्यावर किंवा कठड्यावर हात टेकवून उभं राहू द्या. श्वास ओठांचा चंबू करून, सावकाश सोडायला सांगा.

उताणं झोपल्यावर निरोगी माणसाच्याही फुफ्फुसांत, श्वास सोडून झाल्यावर उरणारी हवा अर्धा ते एक लिटरनं कमी होते. त्यामुळे रात्री त्यांना त्रास होत असेल, तर पाठीमागे उतार देऊन उशा लावून पाहा. आडवं झाल्यावर दम लागणं नव्यानं सुरू झालं असेल किंवा पाय सुजत असतील, तर हृदयाची तपासणी लांबवू नका. ओठ निळसर दिसले किंवा एक वाक्यही सलग बोलता येईना, तर थेट दवाखाना गाठा.

आणि दम लागलेला असताना त्यांना टोकू नका, कळकळीनं सांगते. घाबरलं की श्वास आणखी उथळ आणि भराभर होतो, आत अडकलेली हवा वाढते.