रंगाआधी पत्रा पाहावा
आजोबांची फियाट जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मांडायची असल्यास रंगाकडे शेवटी वळावे, कारण परीक्षक आधी दारांच्या फटी सारख्या आहेत का ते पाहतो आणि मग वाकून चाकाच्या कमानीत बोट फिरवतो. आपल्याकडची काळी माती नेमकी तिथेच दडून बसते. माझ्या पहिल्या गाडीचा पत्रा त्या ओलसर चिखलाखाली सडत होता आणि मी वरून मेण घासत होतो!

दुसरी चूक म्हणजे मूळ आरसे व बिल्ले भंगारात देणे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते, परंतु चासी (गाडीची खालची चौकट), वरचा सांगाडा व इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पोळ्याच्या बैलासारखी सजावट तूर्त नकोच. गंज काढून झाल्यावर कळवावे, रंगाचे तेव्हा पाहू.