हजार शब्द पाठ, तरी व्हर्बल तिथंच

अगं,

परवा रात्री साडेबाराला तुझा मेसेज आला, "ताई हजार इंग्लिश शब्द पाठ झाले तरी जीआरईचं (परदेशी मास्टर्सच्या प्रवेश परीक्षेचं) व्हर्बल, म्हणजे इंग्लिशचा भाग, हलत नाहीये, माझं इंग्लिशच कच्चं आहे, मराठी मीडियम ना." फोन केला असता पण फोनवर तू नुसतं हो ताई, हो ताई करतेस आणि ठेवून देतेस, म्हणून लिहितेय. लांब झालंय, चहा घेऊन बस.

तू पाठवलेले स्क्रीनशॉट काल दुपारी एकेक करून बघितले. 27 पैकी 13 चुकलेत. प्रत्येकापुढे पेन्सिलीने लिहीत गेले की हा का चुकला असेल. शब्दच माहीत नव्हता म्हणून चुकलेले किती निघाले माहितेय? 4. बाकीचे 9 तुला सगळे शब्द येत असताना चुकलेत आणि त्या 9 साठी तू अजून हजार शब्द पाठ करायला निघालीयस. मराठी मीडियमचं रडगाणं तर ठेवूनच दे. मी पण मराठी मीडियमचीच, पाचवीत एबीसीडी शिकलेली.

ती झेरॉक्स यादी तुला कुठून मिळाली ते मला माहितेय, सीनियरकडून, त्याला त्याच्या सीनियरकडून. पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि जोड्या लावा टाइप ॲनॉलॉजी असायचे, म्हणजे शब्द सुटा विचारायचे, तेव्हा यादी पाठ करणाऱ्याला खरंच मार्क मिळायचे. ऑगस्ट 2011 ला ते दोन्ही प्रकार काढून टाकले. आता जे काही विचारतात ते वाक्यात किंवा उताऱ्यात. परीक्षा बदलली, झेरॉक्स काही बदलली नाही, ती फक्त दरवर्षी अजून पुसट होत चाललीय.

आता तुझे ते 9. एका वाक्यात होतं की टीकाकाराची प्रेज 'क्वालिफाइड' होती, आणि तू धरलंस की जाणकाराने केलेली स्तुती. साहजिक आहे, आपल्याकडे क्वालिफाइड म्हणजे डिग्रीवाला डॉक्टर. पण तिथं अर्थ आहे हातचं राखून केलेली स्तुती, "चांगलं आहे, पण..." वाली. हे लोक असेच शब्द उचलतात, ओळखीचे दिसणारे. सँक्शन म्हटलं की आपल्याला बँकेचं लोन आठवतं, पण सँक्शन म्हणजे निर्बंध पण, एकदम उलटा अर्थ. टेम्पर म्हणजे राग, आणि क्रियापद झालं की सौम्य करणं. फ्लॅग म्हणजे झेंडा, आणि उत्साह 'फ्लॅग' झाला म्हणजे मावळला. डिसइंटरेस्टेड म्हणजे इंटरेस्ट नसलेला नव्हे गं, कुणाच्या बाजूने नसलेला, निःपक्षपाती. अनोळखी शब्द दिसला की माणूस सावध तरी होतो, हे ओळखीचे शब्द बेसावध गाठतात.

आणि छोटे शब्द! 'नथिंग बट' आणि 'एनिथिंग बट' तू एकच समजलीस. 'नथिंग बट सिंपल' म्हणजे नुसतं सोपं, दुसरं काही नाही. 'एनिथिंग बट सिंपल' म्हणजे बाकी काहीही म्हणा पण सोपं म्हणू नका. आणि 'ऑल बट फिनिश्ड' म्हणजे जवळजवळ संपलंच. या तिघांचा अर्थ तुझ्या झेरॉक्समध्ये सापडणार नाही, कारण यातला एकही शब्द कुणाला अवघड वाटत नाही. तसंच 'ब्रीफ, इफ ब्रिलियंट' मधला इफ. तो 'जर' नाही, तो 'असेल हुशारीचं, पण थोडक्यात' असा आहे.

शब्द कसे शिकायचे, तर तू आधी एक भाषा शिकलीयसच ना तशी. तुझ्या घरी तेलुगू, गल्लीत मराठी, मराठी तुला कुणी यादी देऊन शिकवली का? माझं उलटं. आम्ही सोलापुरात साखर पेठेजवळ राहायचो, आजूबाजूला सगळी तेलुगू घरं, बाबा यंत्रमागावर कामाला. शेजारच्या काकू दारात आल्या की आई विचारायची काय काम काढलं, तर म्हणायच्या "ऊरिके वच्चानु". वच्चानु म्हणजे आले, त्यावरून मी मनाशी पक्कं केलं की ऊरिके म्हणजे उगाच, सहज. मग एकदा त्यांना कुणीतरी कोथिंबीर दिली आणि त्या म्हणाल्या "ऊरिके इच्चाडु", आता उगाच कोण कोथिंबीर देतं? तर तिथं फुकट दिली असं होतं. असं दहा ठिकाणी दहा वेळा ऐकल्यावर तो शब्द माझा झाला, आज मला त्याला एक मराठी शब्द विचारलास तर मी अडखळेन पण वापरताना चुकणार नाही. तुझ्या यादीत काय आहे, 'ऊरिके = उगाच'. एवढंच. म्हणून कोथिंबीर आली की तू अडकतेस.

तर वहीत शब्द लिहिताना जिथं भेटला ते अख्खं वाक्य लिही, आणि शेजारी आपला मराठी शब्द, पण नेमका, उगाच जवळपासचा नको. फ्रूगल म्हणजे काटकसरी, मायझरली म्हणजे चिंगूस. रेझोल्यूट म्हणजे ठाम आणि ऑब्स्टिनेट म्हणजे हेकट. डिक्शनरीत दोन्हीकडे जवळजवळ तेच येतं पण एकात कौतुक आहे आणि एकात शिवी, आणि पर्याय नेमके तिथंच घासून ठेवलेले असतात. मराठीत हे सगळे फरक तुला आधीच येतात. उलट नुसती इंग्लिशमधली व्याख्या घोकणाऱ्यांना हे लवकर जाणवत नाही असं माझं मत आहे. दिवसाला आठ-दहा शब्द बास. पन्नास केलेस तर पंचेचाळीस गड्डा यात्रेच्या गर्दीत हरवल्यासारखे हरवतात.

रिकाम्या जागांचं एक करून बघू. मुद्दाम मराठीत देते. "मीटिंगमध्ये तो फारसा बोलायचा नाही, पण त्याचं मौन ____ नव्हतं, प्रत्येक मुद्दा तो वहीत टिपून घ्यायचा." काय भरशील? भीतीचं? रागाचं? बसतं की वाक्यात. पण टिपून घ्यायचा हा पुरावा कशाच्या विरोधात आहे? लक्ष नसण्याच्या. म्हणजे बेफिकिरीचं. बस, हाच खेळ आहे, तो इंग्लिशचा नाहीच मुळात. आधी पर्याय हाताने झाक (खरंच हात ठेव स्क्रीनवर, लाजू नकोस), तुझा मराठी शब्द मनात भर, मग हात काढ आणि त्याच्या जवळचा शोध. तू आधी पर्याय वाचतेस, मग प्रत्येक पर्याय बसवून बघतेस, आणि बसवला की सगळंच बसतं. दोन-तीन जागा असल्या तर सगळ्या बरोबर आल्या तरच मार्क, अर्धा मार्क नाही, म्हणून जी जागा सगळ्यात सोपी तिथून सुरू कर, पहिलीपासूनच केलं पाहिजे असं काही नाही. आणि सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात तिथं समानार्थी जोडी दिसली की लगेच टिक करू नकोस, न बसणारी जोडी मुद्दाम टाकलेली असू शकते.

आता वाचन, आणि खरी गोम इथं आहे. तुला लांब वाक्य कळत नाही ते शब्दांमुळे नाही, बांधणीमुळे. हे बघ, मीच बनवलंय: 'द मिल्स बिल्ट ऑन बॉरोड मनी क्लोज्ड विदिन अ डेकेड.' (आपल्या जुन्या गिरणीबद्दल नाही हां.) घाईत वाचणारा 'बिल्ट' ला क्रियापद धरतो, गिरण्यांनी काहीतरी बांधलं म्हणतो, आणि 'क्लोज्ड' पाशी येऊन गडबडतो. मराठीत आपण म्हणतो, उधारीच्या पैशावर बांधलेल्या गिरण्या दहा वर्षांत बंद पडल्या. म्हणजे गिरण्यांचं वर्णन आधी, गिरण्या नंतर आणि क्रियापद शेवटी. इंग्लिशमध्ये असं लांब वर्णन बऱ्याचदा नावाच्या मागून येतं आणि खरं क्रियापद कुठंतरी पुढं लपलेलं असतं. वाक्य लांबलं की आधी तेवढं एकच शोधायचं, कोण आणि काय केलं. बाकीचं सगळं कंसात टाकल्यासारखं. रोज एक परिच्छेद घे आणि नुसतं हेच कर, पेन्सिलीने कर्त्याखाली एक रेघ, मुख्य क्रियापदाखाली दोन. पहिला आठवडा भयंकर हळू जाईल, जाऊ दे. बाबा सांगायचे, धागा तुटला की माग तिथंच थांबवायचा, पुढं रेटलं तर तेवढं कापड गेलं. तू न कळलेलं वाक्य रेटून पुढं जातेस आणि परिच्छेदाच्या शेवटी म्हणतेस काहीच कळलं नाही.

काय वाचायचं? इंग्लिश पेपरचा अग्रलेख ठीक आहे पण त्याने भागत नाही, कारण त्यात विषय ओळखीचे असतात. परीक्षेत कुठं किड्यांचं वागणं, कुठं चित्रकला, कुठं कुठल्यातरी इतिहासकाराने दुसऱ्याची काढलेली चूक. म्हणून तुला कंटाळा येईल असंच निवड. सायंटिफिक अमेरिकन, स्मिथसोनियन, एऑन हे सगळं नेटवर आहे, बरंचसं फुकट वाचता येतं. ऊरिके. पुण्याला जाताना हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये रील्स बघत बसण्यापेक्षा दोन लेख प्रिंट काढून ने, कुर्डुवाडीपर्यंत एक होतो.

एक माझी फजिती सांगते, हसू नकोस. प्रॅक्टिस टेस्टमध्ये यंत्रमागावरचा पॅसेज आला. मी मनात म्हटलं, आता बघा, आमच्या घरचाच विषय. त्या लेखकाचं म्हणणं होतं की यंत्रामुळे विणकराचे कष्ट हलके झाले. मी तर बाबांना बघितलेलं, पाळी संपवून यायचे तेव्हा मागाच्या खडखडाटाने कान असे बसलेले असायचे की आई ओरडून बोलायची. कसले हलके कष्ट! त्या रागातच सगळी उत्तरं दिली आणि 4 पैकी 3 चुकली. कारण प्रश्न होता 'लेखकाच्या मते'. माझ्या बाबांच्या मते नव्हे. त्या दिवसापासून मी उत्तर टिक करण्याआधी पॅसेजमधल्या ओळीवर बोट ठेवायला लागले, बोट ठेवायला जागा नसेल तर ते उत्तर माझं आहे, लेखकाचं नाही. तुझ्या 9 मधले 2 याच जातीचे आहेत.

वेळेचं थोडक्यात. सप्टेंबर 2023 पासून परीक्षा छोटी झालीय, सगळी मिळून 1 तास 58 मिनिटं, आमच्या वेळी पावणेचार तास बसवायचे. व्हर्बलचे दोन सेक्शन, पहिल्यात 12 प्रश्न 18 मिनिटांत, दुसऱ्यात 15 प्रश्न 23 मिनिटांत, म्हणजे प्रश्नाला साधारण दीड मिनिट. पहिला सेक्शन जसा जाईल त्यावर दुसरा सोपा की अवघड ते ठरतं, त्यामुळे पहिल्यात घाई नको. अडलं की मार्क करून पुढं जा, त्याच सेक्शनमध्ये परत येता येतं. चुकीला मार्क कापत नाहीत म्हणून रिकामं काही सोडायचं नाही, तू 2 सोडलेस, का गं? पण घड्याळ लावणं महिनाभराने, आत्ता नको. ही परीक्षा घेणाऱ्या ईटीएसच्याच पॉवरप्रेप नावाच्या सरावाच्या दोन टेस्ट फुकट आहेत, त्यातली एक शेवटच्या पंधरवड्यासाठी ठेव, आत्ताच उडवू नकोस. क्लासवाल्यांच्या व्हर्बलच्या टेस्टवर माझा फार विश्वास नाही, गणिताच्या ठीक असतात, पण व्हर्बलमध्ये बऱ्याचदा दोन उत्तरं बरोबर वाटतात आणि खाली दिलेलं कारण वाचून अजूनच डोकं फिरतं.

या रविवारी ये. ते 9 प्रश्न कोऱ्या कागदावर परत सोडव, माझ्या पेन्सिलीच्या खुणा बघायच्या आधी, आणि प्रत्येकापुढं मराठीत एक ओळ लिही की पहिल्यांदा काय वाटलं होतं. ती ओळ मला हवीय, उत्तर नको. आणि अम्माला सांग शेंगा चटणीचा डबा रिकामा करून ठेवलाय, आलीस की परत घेऊन जा, तीन महिने झाले.

तुझी,
ताई