कामाची पाळी सांभाळून शिकायचे कसे? – वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी अडतीस वर्षांचा असून मकरपुरा जीआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात सोळा वर्षे कॉइल वाइंडिंगचे काम करीत आहे. दहावीला गणित आणि इंग्रजी राहिले, त्यानंतर परीक्षेला बसलो नाही. माझ्या हाताखाली काम शिकलेली आयटीआयची मुले आज सुपरवायझर झाली आहेत. एका एजंटाने ‘सहा महिन्यांत घरबसल्या डिप्लोमा मिळवून देतो’ असे सांगून निम्मे पैसे आगाऊ मागितले आहेत. ते द्यावेत काय? या वयात कॉलेजात कोणी बसू देईल काय?
– एक वाचक, नवापुरा, वडोदरा

उत्तर : पैसे देऊ नका. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२० च्या नियमांनुसार अभियांत्रिकी हा विषय दूरशिक्षणाने शिकवण्यास मनाई आहे. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना पत्रद्वारे दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा प्रश्न नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा वर्षानुवर्षे त्या पदव्यांवर नोकरी करणाऱ्यांचीही झोप उडाली होती. घरबसल्या मिळालेला डिप्लोमा पडताळणीत टिकला नाही, तर आज हातात आहे ती नोकरीही धोक्यात येईल.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो. आपण स्वतःला ‘दहावी नापास’ म्हणवता, परंतु प्रवेशाच्या नियमांच्या दृष्टीने आपण आठवी आणि नववी उत्तीर्ण आहात, आणि हा फरक आपल्या बाबतीत फार मोलाचा आहे. आयटीआयमधील इलेक्ट्रिशियन या ट्रेडसाठी गणित-विज्ञानासह दहावी लागते, पण वायरमन या दोन वर्षांच्या ट्रेडसाठी आठवी उत्तीर्ण असणे पुरते, आणि आयटीआयच्या प्रवेशाला वयाची वरची मर्यादा नाही. वडोदऱ्यात गोरवा आणि तरसाली येथे सरकारी आयटीआय आहेत. तेथील खिडकीवरचा माणूस ‘मुलाचा फॉर्म आहे का?’ असे विचारील, तेव्हा न संकोचता ‘माझा’ म्हणून सांगावे.

अडचण वेळेची आहे, हे मला ठाऊक आहे. दोन वर्षे दिवसभर वर्गात बसायचे तर घर कोणी चालवायचे? यासाठी एक कमी माहितीची वाट आहे. संबंधित कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव असलेल्या कामगाराला खाजगी उमेदवार म्हणून आयटीआयच्या शेवटी होणाऱ्या अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेस बसता येते; मात्र त्या ट्रेडची शैक्षणिक अट त्यालाही पूर्ण करावी लागते आणि अनुभव कागदोपत्री सिद्ध करावा लागतो. येथेच बहुतेक जण अडतात, कारण काम एका कारखान्यात आणि पगार ठेकेदाराच्या नावाने, असा प्रकार जीआयडीसीत सर्रास असतो. म्हणून आजच पीएफच्या नोंदी आणि ईएसआयचे कार्ड काढून सोळा वर्षांपैकी किती वर्षे कोणाच्या नावावर दिसतात ते तपासावे, आणि ते कागद घेऊन आयटीआयच्या प्राचार्यांना भेटावे.

दहावीही पूर्ण करावी असे मी सुचवीन. एनआयओएस या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयात दहावीसाठी वयाची वरची अट नाही, पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येते आणि विषय एकेक करून सोडवता येतात. मराठी आणि गुजराती ही दोन्ही माध्यमे तेथे आहेत. तेथे गणित सक्तीचे नसल्यामुळे पुष्कळ जण ते टाळतात. आपण टाळू नये. पुढे कधी इलेक्ट्रिशियनकडे वळावेसे वाटले, तर सोप्या विषयांची दहावी कामास येणार नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय झाला की आपल्याकडे ज्याला ‘सी टू डी’ म्हणतात त्या मार्गाने डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. त्यापुढे डिप्लोमातून पदवीकडे नेणारा ‘डी टू डी’ आहे. त्याखेरीज, किमान वर्षभराचा अनुभव असलेल्या नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेत डिप्लोमा आणि पदवीचे वर्ग चालवण्याची मुभा एआयसीटीईने (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने) २०२३ पासून कॉलेजांना दिली आहे. मुभा सर्वांना असली, तरी वर्ग थोडीच कॉलेजे चालवतात. जाहिरात पाहून न जाता ‘यंदा खरोखर किती जण बसले आहेत?’ असे विचारून जावे.

गणिताची भीती वाटत असल्यास एक प्रसंग सांगतो. मी तंत्रनिकेतनात शिकवत असताना आपल्यासारखाच एक वाइंडर संध्याकाळच्या वर्गाला येई. ११ केव्ही–४३३ व्होल्टच्या डेल्टा-स्टार ट्रान्सफॉर्मरचे टर्न्स रेशो, म्हणजे दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचे प्रमाण, काढा, असे मी फळ्यावर लिहिले, तेव्हा वर्गमूळ तीन दिसताच त्याने वही मिटली. मी त्याला म्हटले, ‘एलटीला, म्हणजे कमी दाबाच्या बाजूला, पन्नास वेढे असले तर एचटीला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, किती मारता?’ तो पापणीही न लवता म्हणाला, ‘बावीसशे.’ म्हणजे चव्वेचाळीस पट. मग आम्ही उलटे चाललो : एलटी बाजू स्टार जोडणीची, म्हणून ४३३ ला वर्गमूळ तीनने भागले की २५० येतात, आणि ११,००० ला २५० ने भागले की चव्वेचाळीसच येतात. त्याने वही पुन्हा उघडली. उत्तर त्याच्या बोटांत होते, फक्त ते कागदावर कसे मांडतात हे त्याला कोणी सांगितले नव्हते. प्रौढांना शिकवणाऱ्या कॉलेजाने आधी वेढे विचारावेत आणि सूत्र नंतर काढावे. पण आमच्याकडचे बहुतेक मास्तर अठरा वर्षांच्या मुलांसाठी केलेल्या नोट्सच पुढे सरकवतात, आणि मीही पहिली काही वर्षे तेच केले.

आपण राहता तेथून जवळच सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन सुरू केले. प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने तेथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम हे विषय देशी भाषेतून शिकवले जात. त्यातूनच पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा वाढली. कारागिराला त्याच्या भाषेत शिकवावे ही गोष्ट बडोद्याला नवी नाही. म्हणून परीक्षा कोणत्या भाषेत देता येईल, हे प्रवेशाच्या वेळी विचारण्यात कमीपणा मानू नये.

प्रश्न : लग्न झाल्यामुळे २००२ मध्ये बी.कॉम.चे दुसरे वर्ष अर्धवट सोडले. आता मुले मोठी झाली आहेत. जुने गुण धरून पुढचे शिक्षण पूर्ण करता येईल काय?
– एक वाचक भगिनी, दांडिया बाजार

उत्तर : जुने गुण उपयोगी पडतील अशी आशा फारशी धरू नये. विद्यार्थ्यांचे क्रेडिट (श्रेयांक) साठवणारी अकॅडेमिक बँक २०२१ मध्ये सुरू झाली आणि तिच्यात आपल्या काळातील गुण आपोआप जमा होत नाहीत. जुन्या गुणपत्रिकेसह विद्यापीठात एक अर्ज अवश्य करून पाहावा, पण त्याच्या उत्तरावर वर्ष घालवू नये. बारावी उत्तीर्ण असल्याने इग्नूत (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात) जानेवारी किंवा जुलैच्या सत्रात नव्याने बी.कॉम.ला प्रवेश घेता येईल. पदवी तीन वर्षांत होते आणि सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते, त्यामुळे घरात आजारपण किंवा लग्नकार्य निघाले तरी ती वाया जात नाही. गुजरातीतून लिहिणे सोयीचे असेल, तर १९९४ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ पाहावे. अभ्यासकेंद्र निवडताना घराजवळचे निवडण्याऐवजी जेथे रविवारचे वर्ग प्रत्यक्ष भरतात ते निवडावे. एखाद्या रविवारी स्वतः जाऊन पाहिल्याशिवाय हे कळत नाही. पदवी कशासाठी हवी, हेही आधी ठरवावे. दुकानाचे किंवा एखाद्या कार्यालयाचे हिशेब सांभाळायचे असतील, तर टॅली आणि जीएसटीचे काही महिन्यांचे प्रशिक्षण लवकर उपयोगी पडेल. ते पदवीच्या बरोबरीने करता येते.

प्रश्न : सावली गावाजवळ माझे लहानसे वर्कशॉप असून बारा माणसे आहेत. एका अभियांत्रिकी कॉलेजाने कामगारांच्या प्रशिक्षणासाठी सामंजस्य करार करू, असा प्रस्ताव दिला आहे. लहान कारखानदाराला त्याचा काय उपयोग?
– एक उद्योजक वाचक

उत्तर : असे करार पुष्कळ होतात. सह्या होतात, शाल-श्रीफळ होते, फोटो छापून येतो आणि करार प्राचार्यांच्या खोलीतील कपाटात जातो. आपण सही करण्यापूर्वी दोनच गोष्टी लिहून मागाव्यात : आठवड्यातून दोन संध्याकाळी प्रयोगशाळा किंवा वर्कशॉप उघडे ठेवणे, आणि आपल्या मशिनांवरची कामे पाहून त्यांवर बेतलेला पाठ. मायक्रोमीटर वाचता न येणाऱ्या माणसाला उद्योजकतेवरील व्याख्यान ऐकवून आपला माल कमी रिजेक्ट होणार नाही.

करार नसतानाही शिकाऊ उमेदवार ठेवण्याची सोय आपल्याला आहे. १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घेण्याचे बंधन आहे. चार ते एकोणतीस माणसे असलेल्यांना ते ऐच्छिक आहे, म्हणजे आपण मनात आले तर घेऊ शकता. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा पाव हिस्सा, दरमहा १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलते. शाळा अर्धवट सोडलेले मदतनीस असतील, तर त्यांच्यासाठी अल्पशिक्षितांना व्यवसायाचे प्रशिक्षण देणाऱ्या जनशिक्षण संस्थानकडे चौकशी करावी. हीच योजना १९६७ मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ या नावाने सुरू झाली होती, आणि जुन्या कामगारांना ती आजही त्याच नावाने कळते. कॉलेजाला मात्र पहिल्या बैठकीतच विचारावे की, दुसऱ्या पाळीचा माणूस सकाळी आला तर त्याला शिकवायला कोण थांबेल. त्यावर एखाद्या शिक्षकाचे नाव मिळाले, तर सही करायला हरकत नाही.