फॉरमॅट मारण्याआधी: जुन्या कॉम्प्युटरबद्दल वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांत दहा-बारा वर्षं वापरलेल्या घरच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी सर्वांत जास्त आहेत. जवळजवळ प्रत्येकाला एकच सल्ला मिळालेला दिसतो: फॉरमॅट मारा, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका. म्हणून ही पत्रं एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: खाली माग चालतात, वरच्या खोलीत कॉम्प्युटर आहे. सकाळी चालू केला की वीसेक मिनिटं बरा चालतो आणि एकदम बंद पडतोय. लगेच चालू केला तर पाच मिनिटांत परत तेच. थंडीत त्रास कमी होता, शिमग्यापासून वाढलाय. फॉरमॅट मारूया म्हणतात. मारू काय? — एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर: नका मारू. थंड असताना वीस मिनिटं, तापलेला असताना पाच मिनिटं, आणि ऊन वाढलं की त्रास जास्त, हे सगळं तुम्हीच लिहिलंय. विंडोजला ऊन-थंडी कळत नाही. प्रोसेसर (सीपीयू, म्हणजे सगळी कामं करणारी मुख्य चिप) तापतोय. बहुतेक जुने इंटेल प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास पोचले की आधी स्वतःचा वेग कमी करतात. तरीही ताप चढत राहिला तर जळू नये म्हणून मशीनच बंद करायला लावतात. निळा पडदा नाही, सूचना नाही, सरळ अंधार.

खात्री करायची तर बंद पडल्याबरोबर पुन्हा चालू करा आणि डिलीट किंवा एफ २ दाबून बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी येणाऱ्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर) जा. ‘पीसी हेल्थ’ किंवा ‘हार्डवेअर मॉनिटर’ या पानावर सीपीयूचं तापमान दिसतं. तिथे नुसतं बसून ७५-८० च्या वर आकडा असेल तर शंका उरत नाही.

मागाच्या घरात होतं काय, तर सुताची बारीक कुसं पंख्यातून आत ओढली जातात आणि पंखा व हीटसिंक (प्रोसेसरवर बसवलेला, त्याची उष्णता ओढून घेणारा धातूचा ठोकळा) यांच्या मधोमध त्यांचा नमद्यासारखा थर बसतो. वरून पंखा स्वच्छ दिसतो, फिरतोही. म्हणून वरवर फुंकर मारून काही होत नाही, पंखा हीटसिंकवरून सोडवावाच लागतो. आधी मागची वायर काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पंखा काढून तो थर चिमट्याने उचला, मग ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा. हवेच्या झोताने तो मोकाट फिरला तर बेअरिंग खराब होते.

एवढ्यावर फरक पडला नाही तर हीटसिंक उतरवून त्याच्या आणि प्रोसेसरच्या मधली, उष्णता वाहून नेणारी पेस्ट बदला. इतक्या वर्षांत जुनी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. कापसावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू पुसा आणि मधोमध तुरीच्या डाळीएवढी नवी पेस्ट ठेवा. जास्त लावल्याने जास्त थंड राहत नाही. इंटेलच्या कुलरला चार पिना असतात. काढताना पिनेच्या डोक्यावरच्या बाणाच्या दिशेने फिरवून वर ओढा. बसवण्याआधी चारही पिना मूळ जागी फिरवा आणि समोरासमोरच्या दोन-दोन, तिरप्या रेषेत दाबा. प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. एक जरी अर्धवट बसली तर हीटसिंक एका बाजूने उचललेलं राहतं आणि मशीन पहिल्यापेक्षा लवकर बंद पडतं. दुरुस्तीनंतर ‘वाढलंच की’ अशी तक्रार येते ती बहुधा यामुळे. एएमडीचा जुना प्रोसेसर असेल तर हीटसिंक सरळ वर ओढू नका. पाच मिनिटं चालवून पेस्ट मऊ होऊ द्या, वायर काढा, मग हीटसिंक डावी-उजवीकडे हलकेच फिरवून सोडवा. नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

पुढे दर दोन महिन्यांनी पंखा साफ करा आणि कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका. झाकण उघडं ठेवून चालवायची सवय बऱ्याच घरांत आहे. त्याने दोन दिवस बरं वाटतं, पण कुसं दुप्पट जातात.

प्रश्न: पावसाळ्यात सकाळी कॉम्प्युटर चालूच होत नाही. पडद्यावर काही येत नाही, लांब लांब बीप वाजत राहतात. पाच-सहा वेळा बंद-चालू केला की सुरू होतो, पण तारीख दहा-पंधरा वर्षं मागची दाखवतो आणि बँकेची साइट उघडत नाही. कधी मधेच निळा पडदा. — निवृत्त शिक्षक, खानापूर

उत्तर: सर, इथे दोन वेगळे दोष एकत्र आले आहेत.

बीप हे रॅमचं (चालू कामासाठीच्या तात्पुरत्या मेमरीचं) गाऱ्हाणं आहे. अनेक जुन्या मदरबोर्डांवर (कॅबिनेटमधल्या मुख्य सर्किट बोर्डांवर) लांब बीप सारख्या वाजणं म्हणजे रॅम सापडत नाही. खानापूरकडच्या पावसात चार महिने घर ओलं असतं, आणि रोज न चालणाऱ्या मशीनमध्ये स्लॉटच्या पत्र्यांवर गंज-मळाचा पातळ थर धरतो. चार वेळा चालू-बंद केल्यावर मशीन थोडं तापतं आणि संपर्क जुळतो, एवढंच. वायर काढून दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडा, रॅमची पट्टी काढा आणि सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने वरून खाली, कडेच्या दिशेने घासा. सँडपेपर अजिबात नको, मुलामा निघून जातो. रबराचा चुरा पुसून टाका, स्लॉट ब्रशने झाडा आणि खाच जुळवून खिट्ट्या आपोआप मिटेपर्यंत दाबा.

निळा पडदा तरीही आला तर त्यावरचं नाव लिहून घ्या. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया’ असेल तर पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट ८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम घालून रात्रभर चालवा, निदान चार फेऱ्या होऊ द्या. त्यात एकही चूक चालत नाही. चूक दिसली तर एकेक पट्टी वेगळी तपासा, कारण दोन पट्ट्यांपैकी बहुतेकदा एकच वाईट निघते. पडदा वाचायच्या आत निघून जात असेल तर ‘धिस पीसी’वर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ इथे जाऊन ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढा.

तारखेचा दोष मदरबोर्डवरच्या सेलचा. सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटणासारखा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो. तारीख मागे गेली की बँकेच्या साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला चुकीच्या काळातलं वाटतं, म्हणून ती उघडत नाही.

सेल बदलताना एक गोष्ट सांभाळा. सेल संपला किंवा काढला की बायॉस कंपनीच्या मूळ सेटिंगवर जातं आणि त्यात हार्ड डिस्कचा ‘साटा मोड’ (बोर्डाने डिस्कशी बोलायची पद्धत) बदलू शकतो. विंडोज टाकलं तेव्हा तो आयडीई असेल आणि आता एएचसीआय झाला असेल, किंवा उलट, तर विंडोज सुरू होताना ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असा निळा पडदा येतो. यात विंडोज बिघडलेलं नसतं. बायॉसमध्ये जाऊन तो मोड पूर्वीसारखा करा, की लगेच चालू. सेल घालायच्या आधीच त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

पावसाळाभर रोज अर्धा तास तरी मशीन चालवा आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. बंद केल्या केल्या प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका.

प्रश्न: बोअरची मोटर चालू झाली की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतोय. यूपीएस आहे तरी. कॅबिनेटला हात लावला की बोटांना मुंग्याही येतात. — एक वाचक, निपाणी

उत्तर: मुंग्यांपासून सुरुवात करू, कारण ते जिवाशी संबंधित आहे. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) तोंडाशी असलेल्या फिल्टरमधून बारीकसा करंट कॅबिनेटवर येतो आणि अर्थिंगमधून जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो. वायरमनला बोलावून सॉकेट मीटरने तपासून घ्या. फेज ते न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज ते अर्थही जवळजवळ तेवढंच, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. तीन पिनांच्या वायरला दोन पिनांचा ॲडॉप्टर लावला असेल तर तो आजच काढा.

आता रिस्टार्ट. मोटर सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट करंट ओढते आणि क्षणभर दाब खाली जातो. चांगला एसएमपीएस साधारण १६-१७ मिलिसेकंदांचा खंड आतल्या कपॅसिटरच्या जोरावर सहज काढतो. कपॅसिटर म्हातारे झाले की ती ताकद जाते. यूपीएसही ताबडतोब बॅटरीवर जात नाही, काही मिलिसेकंद लागतातच. तेवढा वेळही जुना एसएमपीएस तग धरत नाही.

आधी यूपीएस तपासा. सगळं सेव्ह करून भिंतीवरचं बटण बंद करा. लगेच अंधार झाला तर यूपीएसची बॅटरी गेली. ती १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची असते, तीनेक वर्षं टिकते आणि वेगळी बदलता येते. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावला असेल तर काढा, तो छापताना एकदम जास्त करंट ओढतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालवत असाल तर मागचं किंवा पुढचं बटण ‘यूपीएस मोड’वर आहे का बघा. दुसऱ्या मोडमध्ये वीज बदलायला जास्त वेळ लागतो. पंखा-दिव्याला ते कळत नाही, कॉम्प्युटरला कळतं.

यूपीएस ठीक असेल तर एसएमपीएस. मशीन चालू असताना मोकळ्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये मीटर लावा, काळी वायर ते पिवळी ११.४ ते १२.६, काळी ते लाल ४.७५ ते ५.२५. याबाहेर आकडा असेल तर एसएमपीएस बदला. आकडे बरोबर आले म्हणून मात्र तो निर्दोष ठरत नाही, साधा मीटर सरासरी दाखवतो, क्षणाची घसरण दाखवत नाही. शक्य असल्यास ओळखीतला दुसरा एसएमपीएस एक दिवस लावून मोटर चालू करून पाहणं हीच खरी परीक्षा. त्याच वेळी मदरबोर्डवर प्रोसेसरच्या शेजारचे उभे कपॅसिटर बघा. डोकं सपाट हवं. फुगलं असेल किंवा तपकिरी चिकट काही आलं असेल तर दोष बोर्डाचा आहे. एसएमपीएसचा डबा स्वतः उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर भार राहू शकतो.

नवा घेताना नुसत्या ‘४५० वॉट’ लेबलवर जाऊ नका. त्याच लेबलवर १२ व्होल्टला किती अँपिअर लिहिलेत ते वाचा आणि हातात घेऊन वजन बघा. पोकळ हलका डबा परत ठेवा.

प्रश्न: विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, दर वेळी ‘कर्नल पॉवर ४१’ येतं. म्हणजे एसएमपीएस गेला काय? — एक विद्यार्थी, चिकोडी

उत्तर: नाही. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या वेळी मशीन नीट बंद झालं नव्हतं. कारण ते सांगत नाही. त्या नोंदीच्या तपशिलात ‘बगचेक कोड’ शून्य असेल तर वीज किंवा ताप यांचा संशय आधी घ्या. दुसरा आकडा असेल तर तो निळ्या पडद्याचा आहे, त्यावरून पुढे शोधा.

प्रश्न: घरीच डीटीपीची (छपाईसाठी पानं मांडायची) कामं करते. कॉम्प्युटर मधेच गोठतो, फाइल उघडायला मिनिटं लागतात, आतून टक-टक आवाज येतो. कामं मराठीत श्रीलिपी आणि कन्नडात नुडी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर आहेत. फॉरमॅट केल्यावर सगळं परत मिळेल ना? आणि विंडोज १० बंद झालं म्हणतात, त्याचं काय? — एक वाचक, संकेश्वर

उत्तर: टक-टक म्हणजे हार्ड डिस्क मरायला लागली आहे. तिच्यावर फॉरमॅट मारू नका, विंडोजची डिस्क-तपासणी ‘चेकडिस्क’ही चालवू नका. दोन्हीत डिस्क तासन्‌तास राबते आणि जे वाचलं असतं तेही जातं. आजच कामाच्या फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या, सगळ्यात महत्त्वाच्या आधी. विंडोज सुरूच होत नसेल तर लिनक्स मिंटचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टिमचा) पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून मशीन चालू करा, फाइली तिथूनही कॉपी होतात. कॉपी करताना आवाज वाढला आणि डिस्क दिसेनाशी झाली तर पुन्हा पुन्हा चालू करत बसू नका. तो डेटा मोलाचा असेल तर तिथून पुढे ते काम डेटा रिकव्हरीवाल्याचं.

फाइलींबरोबर सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आतला ‘फॉन्ट्स’ हा फोल्डरही घ्या. जुन्या श्रीलिपी आणि नुडीच्या फाइली युनिकोडमध्ये नसतात. तोच फॉन्ट नसेल तर फाइल शाबूत असूनही पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. सॉफ्टवेअरची सीडी आणि, असलं तर, डोंगल (सॉफ्टवेअर चालायला कॉम्प्युटरला लावायची किल्ली) हाताशी आहे का तेही आताच बघा.

डेटा हाती आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम लावून खात्री करा. ०५ आणि सी ५ या ओळींत शून्याव्यतिरिक्त आकडा दिसला आणि तो वाढत असेल तर डिस्क संपली. फक्त सी ७ वाढत असेल तर दोष बहुधा साटा केबलचा असतो. शंभर-दोनशेची केबल बदलून बघा, पण टक-टक केबलमुळे येत नाही.

जागी २४० किंवा २५६ जीबीची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. जुन्या बोर्डाची साटा कदाचित तिचा पूर्ण वेग काढणार नाही, तरी आताच्या डिस्कपुढे मशीन ओळखू येणार नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, ते दहा-बारा वर्षांच्या मशीनमध्ये नसतं. नुसतं इंटरनेट आणि टायपिंग असतं तर लिनक्स मिंट टाका म्हणालो असतो. पण तुमची दोन्ही सॉफ्टवेअर विंडोजवरची आहेत. तेव्हा हे मशीन विंडोज १० वरच फक्त डीटीपीला ठेवा, त्यावर बँकेचं काम आणि मेल करू नका. ग्राहकांच्या पेन ड्राइव्ह लावण्याआधी स्कॅन करा, आणि पत्रिका-अहवालांची दुसरी प्रत दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर घ्या.