व्हिएतनाममध्ये अपक्षही निवडून येतात, मग तिथे राजकीय मोकळेपणा आहे असं म्हणायचं का?

रेल्वे, खर्च, एखाद्या मंत्र्याचा कारभार यावर बोलण्याचा मोकळेपणा आहे. सत्ता कुणाची, यावर नाही.

आधी 'अपक्ष' कोण ते पाहू. एकमेव सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य नसलेला आणि स्वतःहून अर्ज भरणारा, हे दोन वेगळे प्रकार. पहिल्या प्रकारातली बरीच नावं यंत्रणाच पुढे करते. खरी कसोटी दुसऱ्यांची. कायद्याने त्यांना आडकाठी नाही, पण पक्षाच्या नेतृत्वाखालची 'पितृभूमी आघाडी' तीन बैठकांमध्ये उमेदवार गाळते. पहिलीत कोणत्या गटाला किती जागा ते ठरतं, दुसरीत कच्ची यादी. मग उमेदवाराच्या वस्तीत मतदारांची सभा होते आणि तिथे हजर असलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांची पसंती लागते. सभा भरवणार स्थानिक यंत्रणाच! त्यामुळे नकोसं नाव वरून कापावं लागत नाही, 'शेजाऱ्यांनीच नाकारलं' म्हणता येतं. उरलेल्यांवर तिसरी बैठक हात फिरवते. २०१६ मध्ये शंभराहून जास्त जणांनी स्वतःहून अर्ज भरले. मतपत्रिकेपर्यंत ११ पोचले, जिंकले २.

निवडून आलेली राष्ट्रीय सभा, म्हणजे संसद, मात्र अगदीच माना डोलावणारी नाही. जून २०१० मध्ये तिने सरकारचा ५६ अब्ज डॉलरचा वेगवान रेल्वे प्रकल्प फेटाळला. २०१३ मध्ये ४७ उच्चपदस्थांवर विश्वासमत घेतलं. त्यात पर्याय तीनच : 'जास्त विश्वास', 'विश्वास', 'कमी विश्वास'. 'अविश्वास' छापलेलाच नव्हता. पंतप्रधान न्विन तान झुंग यांना १६० 'कमी' मतं पडली, मध्यवर्ती बँकेच्या गव्हर्नरांना सर्वांत जास्त, २०९. दोघांचीही खुर्ची टिकली आणि गव्हर्नर तर २०१६ मध्ये थेट पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, पॉलिटब्यूरोत गेले.

कुंपण कुठे आहे ते १९९० मध्येच दिसलं होतं. १९८६ च्या 'दोई मोई' धोरणाने बाजार खुला झाला. आता राजकारणातही अनेक मतप्रवाह हवेत, असं पॉलिटब्यूरोतले चान स्वान बाक बोलू लागले, आणि त्यांना पदावरून काढलं. २०१३ मध्ये नव्या राज्यघटनेच्या मसुद्यावर सरकारनेच जनतेची मतं मागवली, तेव्हा ७२ विचारवंतांनी पक्षाला नेतृत्व बहाल करणाऱ्या कलम ४ वरच बोट ठेवलं. नोव्हेंबरात घटना मंजूर झाली ती ते कलम कायम ठेवून : बाजूने ४८६, तटस्थ २, विरोधात कुणी नाही.