लीजचं नंतर बघू, आधी ती ‘एफडी’

साताऱ्याचे एक वाचक, वय ४१. शिरवळच्या कारखान्यात नोकरी, हातात पगार ९५ हजार. पत्नी घर सांभाळतात, दोन मुलं शाळेत. घराचं कर्ज २८ लाख बाकी, हप्ता २४ हजार. ते लिहितात : ‘छोट्या इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. यवतेश्वरचा घाट चढताना बॅटरी ९ टक्के उतरली, खाली येताना २ टक्के परत भरली. गाडी आवडली. तीन वर्षांच्या लीजला महिना २७ हजार सांगतात. विकत घेऊ की लीजवर? पैशांची सोय आहे. बँकेतल्या मॅडमनी वर्षाला ३ लाखांची एफडी करून दिलीय. दोन हप्ते भरले. दुसऱ्यासाठी होम लोनवर टॉप-अप काढलं. तिसरा पुढच्या महिन्यात. वेळ पडली तर ती मोडेन.’ सोबत लीजचं कोटेशन आणि त्या ‘एफडी’चे कागद.

लीजचा विचार चुकीचा नाही. या गाड्या अजून भराभर बदलताहेत. टाटाची नेक्सॉन ईव्ही २०२० मध्ये आली ती ३०.२ किलोवॅट-तासांची बॅटरी घेऊन. २०२२ मध्ये ४०.५ आली, २०२४ मध्ये ४५. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने किंमत १.२ लाखांपर्यंत उतरवली. महिनाभर आधी घेतलेल्यांनी रीसेलला काय मागायचं? लीजमध्ये मुदत संपली की गाडी परत करायची, त्यामुळे ही झळ लीज कंपनी सोसते.

पण कोटेशनचं दुसरं पान वाचलंत का? वर्षाला १५,००० किमी, त्यापुढे किमीला ८ रुपये. सातारा-शिरवळ जाऊन-येऊन तुमचे वर्षाला साडेतेहतीस हजार किमी होतात. म्हणजे जादाचे दीड लाख, महिना बारा हजार. पेट्रोलचे महिन्याला १७ हजार वाचतील, पण महावितरणच्या घरगुती मीटरवर वरचा स्लॅब लागून पाच-सहा हजार वीजबिलात जातील. वाचलेलं सगळं जादा किलोमीटरनी खाल्लं. गाडी २७ ची नाही, ३९ हजारांची आहे. २४ घराचे, २५ त्या ‘एफडी’चे, ३९ गाडीचे. उरलेल्या सात हजारांत वाढलेलं वीजबिल, किराणा आणि शाळेची फी कशी बसवणार आहात?

आणि ती एफडी नाहीच. तुम्ही पाठवलेल्या कागदावर तुमचीच सही आहे, आणि तो विमा आहे : दहा वर्षं ३ लाख भरा, बाराव्या वर्षाअखेरपासून दहा वर्षं ६ लाख घ्या. ‘दुप्पट’ म्हणून विकतात. पैसे जायचे सरासरी वर्ष आणि यायचे सरासरी वर्ष यांत बारा वर्षांचं अंतर. बारा वर्षांत दुप्पट म्हणजे ६ टक्के. त्यासाठी तुम्ही सव्वानऊ टक्क्यांनी कर्ज काढलंत! बँकेला दोन्हीकडून मिळालं, टॉप-अपवर व्याज आणि विम्यावर कमिशन. मॅडमचं टार्गेट झालं.

मोडायचं म्हणाल, तर दुसऱ्या वर्षात हातात यायची किमान हमी ३० टक्के, म्हणजे सहा लाखांतले १ लाख ८० हजार. ऑक्टोबर २०२४ च्या नियमांमुळे विशेष सरेंडर मूल्य, म्हणजे पॉलिसी मोडल्यावर प्रत्यक्ष मिळणारी रक्कम, त्याहून बरं असू शकतं. कंपनीला आजच मेल करा आणि दोन आकडे लेखी मागा : आज सरेंडर केली तर किती, आणि हप्ते थांबवून पेड-अप ठेवली तर पुढे किती. दहातले दोन हप्ते भरलेत, तेव्हा पेड-अपला साधारण १२ लाख धरू, तेही तुकड्यातुकड्यांनी, सरासरी पंधराएक वर्षांनंतर. तुमच्या कर्जाच्या दराने त्याची आजची किंमत साडेतीन लाखांच्या आसपास येते. सरेंडरला त्याहून जास्त देत असतील तर घ्या आणि टॉप-अप फेडा. कमी असेल तर पेड-अप. तिसरा हप्ता मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. ‘सहा लाख बुडतील’ असा बँकेतून फोन येईल. ते वाचवायला आणखी २४ लाख घालायचे नसतात.

एकच घाई करू नका. याच विम्यात तुमचं ३० लाखांचं कवच आहे, दुसरं कुठलंच नाही. उद्या काही झालं तर ते घराच्या कर्जातच संपेल, घरच्यांना काहीच उरणार नाही. आधी साठीपर्यंतचा दीड कोटींचा टर्म विमा घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा साधा विमा. सिगारेट ओढत नसाल तर वर्षाचा हप्ता तीस हजारांच्या आगेमागे. आता ज्या विम्यात महिन्याला २५ हजार घालताय, त्यापुढे हे काहीच नाही. सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. मेडिकल होऊन पॉलिसी हातात आली की मगच जुनी थांबवा.

‘एफडी’ सांगून विकल्याची तक्रार आधी बँकेकडे आणि विमा कंपनीकडे लेखी करा. दाद मिळाली नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे. मॅडमचे व्हॉट्सॲप मेसेज पुसू नका. नुसती तोंडी आश्वासनं असतील तर तिथे फारशी आशा धरू नका, तुमची सही समोर येईल.

गाडीचं पुढच्या वर्षी बघू. टॉप-अप फिटल्यावर त्याच लीजवाल्याकडून ३५,००० किमीचं कोटेशन मागवा, आणि तेवढ्याच किमतीच्या गाडीच्या कर्जाचा हप्ता शेजारी मांडून मला पाठवा.